कायद्यातील सुसंगती: कशाची आणि कशाशी?

तुमचा प्रश्न असा आहे: कायद्याच्या तत्त्वज्ञानात ज्याला कोहिअरन्स म्हणतात ते आणि कन्सिस्टन्सी हे एकच आहे काय, एक नसेल तर फरक नेमका कोणता, आणि एखादा निकाल सुसंगत आहे असे दाखवता आले म्हणजे तो बरोबर ठरतो काय? तुम्ही हे एलएल.एम.च्या प्रबंधासाठी विचारता आहात. मी जळगाव जिल्ह्यातल्या दिवाणी न्यायालयांत तीस वर्षे वाटणीचे आणि हद्दीचे दावे चालवत आलो आहे. तेव्हा उत्तरात ग्रंथांच्या जोडीने सातबाराही येईल, तो चालवून घ्यावा.

आधी शब्दांचे पाहू. मराठीत या दोन्ही गोष्टींना सरसकट 'सुसंगती' म्हटले जाते आणि गोंधळ तेथूनच सुरू होतो. मी कन्सिस्टन्सीला 'अविरोध' म्हणतो आणि 'सुसंगती' हा शब्द कोहिअरन्ससाठी राखून ठेवतो. दोन नियम एकाच वेळी पाळता येतात, एक पाळल्याने दुसरा मोडत नाही, एवढे झाले की अविरोध साधला. तो एक तर असतो किंवा नसतो. सुसंगती मात्र कमी-अधिक असते, आणि तिच्यासाठी नियम नुसते शेजारी शेजारी नांदून भागत नाही. एकामागचे कारण दुसऱ्यालाही आधार देणारे असावे लागते.

समजा उद्या असा कायदा झाला की ज्या शेताचा गट क्रमांक सम आहे त्याच्या कब्जाचा दावा बारा वर्षांत आणि ज्याचा विषम आहे त्याचा तीन वर्षांत दाखल करावा. यात विरोध कोठेही नाही. दावा दाखल करून घेणारा कारकून गट क्रमांक पाहील, तारखा मोजील आणि शिक्का मारील. त्याची एकदाही अडचण होणार नाही. पण रावेरच्या एखाद्या केळी बागायतदाराने 'माझा गट विषम निघाला म्हणून माझी नऊ वर्षे का गेली?' असे विचारले तर त्याला द्यायला कोणापाशीही उत्तर नाही. ज्या नियमांना मिळून एक कारण सांगता येत नाही, ते अविरोधी असूनही विसंगत असतात. कायद्याचे तत्त्वज्ञ नील मॅककॉर्मिक यांनी १९७८ सालच्या आपल्या ग्रंथात हा भेद नेटकेपणाने मांडला: नियमांचा समूह एखाद्या तत्त्वाखाली किंवा मूल्याखाली एकत्र अर्थपूर्ण होतो काय, ही सुसंगतीची कसोटी. रोनाल्ड ड्वॉर्किन यांनी १९८६ साली अशा गट-क्रमांकी कायद्यांना बुद्धिबळाच्या पटाची उपमा दिली आणि ते आपल्याला का खटकतात याचा शोध घेतला. त्यांचे उत्तर असे की राज्यसंस्थेने सर्वांशी एकाच तत्त्वसमूहाच्या आवाजात बोलावे अशी आपली अपेक्षा असते, आणि पटावरच्या घरांप्रमाणे माणसे वाटणारा कायदा ती अपेक्षा मोडतो.

आपल्या परंपरेत यासाठी 'एकवाक्यता' असा फार चांगला शब्द होता, पण 'सगळ्यांचे एकमत' या अर्थाने वापरून वापरून आपण तो झिजवून टाकला आहे. मूळ शब्द मीमांसेतला, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावण्याच्या शास्त्रातला. एक वाक्य कशाला म्हणावे, याची जैमिनीच्या सूत्रांतली कसोटी दुहेरी आहे: पदांचे मिळून प्रयोजन एक असावे, आणि ती पदे एकमेकांपासून तोडली तर अपुरी, साकांक्ष राहावीत. सुसंगतीची यापेक्षा आटोपशीर व्याख्या मला पाश्चात्य ग्रंथांतही आढळली नाही. पहिली अट प्रयोजनाची, दुसरी परस्परांच्या गरजेची. विरोध नसणे ही अट तेथे वेगळी सांगावीही लागलेली नाही. रॉबर्ट अलेक्सी आणि अलेक्झांडर पेचेनिक यांनी १९९० साली सुसंगतीचे निकष तपशिलाने मांडले. त्यांचा मथितार्थही हाच की विधाने एकमेकांना जितका अधिक, जितका दूरवर आणि जितका भक्कम आधार देतात, तितका तो समूह अधिक सुसंगत.

खानदेशातल्या वकिलाला हा प्रश्न खरे तर वारशानेच मिळालेला आहे. हिंदू कायदा संहिताबद्ध होण्यापूर्वी मुंबई इलाख्यात दोन ग्रंथांना मान होता: विज्ञानेश्वराची मिताक्षरा आणि नीलकंठ भट्टाचा व्यवहारमयूख. गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकणात मतभेद झाला तर मयूख वरचढ मानला जाई. उरलेल्या महाराष्ट्रात मिताक्षरेचा शब्द चाले. पुणे, तत्कालीन अहमदनगर आणि खानदेश येथे मात्र मयूखाला मिताक्षरेच्या बरोबरीचे स्थान होते, तिला बाजूला सारण्याचा अधिकार मात्र नव्हता. म्हणजे धुळ्याच्या किंवा जळगावच्या वकिलाला 'माझा ग्रंथ मोठा' असे म्हणून दावा जिंकता येत नसे. मुंबई उच्च न्यायालयाने यावर जी रीत बसवली ती अशी की, वाजवी रीतीने जेथे आणि जितके शक्य असेल तेथे आणि तितके, दोन्ही ग्रंथांचा मेळ बसेल असा अर्थ लावावा.

या रीतीतल्या 'वाजवी रीतीने शक्य' या शब्दांकडे लक्ष द्या. नवखे वकील नेमके तेच विसरतात. दोन वचनांचा मेळ घालण्यासाठी एखाद्या वचनाला त्याच्या शब्दांत नसलेला अर्थ चिकटवला, तर ते अर्थ लावणे राहत नाही, नवे वचन रचणे होते. ड्वॉर्किन यांनी न्यायाधीशाच्या अर्थनिर्णयाला दोन कसोट्या लावल्या आहेत: आधीच्या कायद्याशी आणि निवाड्यांशी पुरेशी जुळणी, आणि जुळणाऱ्या अर्थांपैकी राजकीय नीतीच्या दृष्टीने सर्वांत चांगले समर्थन. पहिली कसोटी हे वाजवीपणाचे कुंपण आहे. त्याच्या आतच दुसरी चालते.

आता प्रत्यक्ष एक उदाहरण पाहू, कारण अविरोध आणि सुसंगती यांची फारकत मला यापेक्षा स्पष्टपणे कोठे दिसलेली नाही.

काही वर्षांपूर्वी एक बाई प्लास्टिकच्या पिशवीत सातबारा, फेरफाराच्या नकला आणि स्वतःची लग्नपत्रिका घेऊन माझ्याकडे आल्या. पत्रिका का आणली, ते नंतर कळले. महाराष्ट्राने १९९४ साली हिंदू उत्तराधिकार कायद्यात दुरुस्ती करून मुलींना जन्मतः सहदायक, म्हणजे एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत हक्काच्या वाटेकरी, केले. पण ती दुरुस्ती अमलात आली २२ जून १९९४ रोजी, आणि त्याआधी लग्न झालेल्या मुलींना तिने वगळले. या बाईंचे लग्न त्याच वर्षी आखाजीनंतरच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतरच्या, लग्नसराईत झालेले. धाकट्या बहिणीचे दोन वर्षांनी. धाकटी सहदायक, थोरली नाही. वडील २००३ साली वारले. मी कायदा समजावून सांगितला तेव्हा त्यांनी शांतपणे विचारले, "मग मी त्या घरात जन्मले नाही, असं धरायचं का?"

त्या प्रश्नाने दुरुस्तीतली विसंगती अचूक पकडली होती. हक्काचा पाया जन्म आहे असे एकदा म्हटले की लग्नाची तारीख हा गट क्रमांकच झाला. नियमात विरोध नव्हता. तलाठ्यापासून न्यायाधीशापर्यंत सर्वांना तो बिनचूक लावता येत होता. 'लग्न झालेली मुलगी दुसऱ्या कुटुंबाची झाली' असे कारण त्यामागे होते हे मान्य केले, तरी ते कारण धाकटीलाही दोन वर्षांनी लागू होणार होते आणि तिचा हक्क मात्र लग्नानंतरही टिकणार होता. म्हणजे दिलेले कारण नियमाच्या एका भागाला आधार देते आणि दुसऱ्याचा आधार काढून घेते.

पुढे केंद्राची दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ रोजी लागू झाली. तिने विवाहित-अविवाहित हा भेद ठेवला नाही आणि मुलगी मुलाप्रमाणेच जन्मतः सहदायक होते असे म्हटले. पण त्या दिवशी वडील हयात असायला हवेत काय? प्रकाश विरुद्ध फुलवती या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली सांगितले की जिवंत सहदायकाच्या जिवंत मुलीलाच हा लाभ आहे. २०१८ साली दानम्मा खटल्यात वडील २००१ सालीच वारले असूनही मुलींना वाटा मिळाला. दोन्ही खंडपीठे दोन-दोन न्यायाधीशांची. येथे मात्र साधा अविरोधच मोडला, आणि खालच्या न्यायालयांत आम्ही दोन्ही बाजूंचे वकील आपापल्या सोयीचा निवाडा उघडून उभे राहू लागलो.

विनीता शर्मा खटल्यात ११ ऑगस्ट २०२० रोजी तीन न्यायाधीशांच्या खंडपीठाने यावर पडदा टाकला. आता पाहा: नुसता विरोधच काढायचा असता तर दोहोंपैकी कोणताही निवाडा उचलून चालले असते. 'वडील त्या दिवशी हयात असावेत' हा नियमही पूर्णपणे अविरोधी आहे. मृत्यूचा दाखला पाहिला की निकाल लागला. न्यायालय तेवढ्यावर थांबले नाही. त्याने मिताक्षरेतल्या अप्रतिबंध दाय आणि सप्रतिबंध दाय या भेदाचा आधार घेतला. सहदायकाचा हक्क हा अप्रतिबंध दाय, म्हणजे तो जन्माने मिळतो, कोणाच्या मरणाची वाट पाहत नाही; सप्रतिबंध दाय मात्र आधीचा मालक वारल्यावरच मिळतो. मुलीला तोच हक्क मुलाप्रमाणे दिला असेल, तर वडिलांच्या हयातीची अट त्यात कोठून येणार? ती अट घातली की जन्माचा हक्क पुन्हा वडिलांच्या आयुष्याला बांधला जातो. म्हणून ती अट गेली. अविरोध दोन्ही वाटांनी मिळत होता, सुसंगती एकाच वाटेने मिळत होती. तुमच्या प्रबंधात भेदाचे एकच उदाहरण द्यायचे झाले, तर मी हेच सुचवीन.

केंद्राच्या याच दुरुस्तीत २० डिसेंबर २००४ पूर्वी झालेले व्यवहार आणि वाटण्या अबाधित ठेवल्या आहेत. ही विसंगती नाही काय, असे विद्यार्थी विचारतात. माझ्या मते नाही. लोकांनी त्या वेळच्या कायद्यावर विसंबून जमिनी घेतल्या, विहिरी खणल्या, कर्जे काढली. झालेले व्यवहार उलटवू नयेत हे तत्त्व आपल्या कायद्यात इतर ठिकाणीही भक्कम रुजलेले आहे. दोन तत्त्वे एकमेकांना मर्यादा घालतात आणि त्या मर्यादेचे कारण सांगता येते, तेव्हा सुसंगती मोडत नाही. सातबाऱ्यावर भावांची नावे लागली म्हणजे वाटणी झाली, एवढे मात्र पुरत नाही. नोंदणीकृत दस्त किंवा न्यायालयाचा हुकूमनामा लागतो, आणि तोंडी वाटणीचा बचाव केवळ अपवाद म्हणून, सार्वजनिक कागदपत्रांचा भक्कम पुरावा असेल तरच ऐकला जातो. त्या बाईंच्या भावांचा बचाव तोंडी वाटणीचाच होता, आणि त्यांच्यापाशी फेरफाराशिवाय काही नव्हते.

आतापर्यंतची चर्चा नियमांच्या सुसंगतीची झाली. मॅककॉर्मिक दुसऱ्या एका प्रकाराकडेही लक्ष वेधतात, तो कथनाच्या सुसंगतीचा: पुराव्यातून उभी राहणारी हकिगत आपल्या सर्वसाधारण अनुभवाशी आणि स्वतःशी जुळते काय? हद्दीच्या एका दाव्यात एका साक्षीदाराने शपथेवर सांगितले की आखाजीच्या दुसऱ्या दिवशी प्रतिवादीची माणसे वादातल्या पट्ट्यात कापूस वेचत होती. दिवस पक्का कसा लक्षात राहिला? तर आखाजीलाच त्याचे सालदारकीचे नवे साल सुरू झाले होते. उलटतपासात तो एकदाही अडखळला नाही; त्याच्या दोन विधानांत कोठेही विरोध नव्हता. परंतु वैशाखात आमच्याकडच्या काळ्या रानात कापूस कोठला? पऱ्हाट्या केव्हाच उपटून झालेल्या असतात, नांगरट उन्हात तापत पडलेली असते. हे सांगायला पुस्तक लागले नाही. न्यायाधीशांनी साक्षीतला तेवढा भाग सोडून दिला आणि मोजणीच्या नकाशाशी जुळणारा बाकीचा भाग स्वीकारला. 'एकात खोटा तो सगळ्यात खोटा' हे सूत्र आपली न्यायालये नियम म्हणून मानत नाहीत, आणि ते योग्यच आहे. कथन तुकड्यातुकड्यांनी जुळते, एकगठ्ठा नव्हे.

येथेच तुमच्या तिसऱ्या प्रश्नाची कड सापडते. सर्वांत सुसंगत साक्ष पढवलेल्या साक्षीदाराची असते, हे कोणताही वकील तुम्हाला सांगेल. खऱ्या साक्षीत थोडी वेडीवाकडी कड राहतेच. म्हणून फौजदारी कायदा परिस्थितिजन्य पुराव्यात नुसत्या सुसंगत हकिगतीवर समाधान मानत नाही. शरद बिर्धीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९८४ सालच्या निवाड्यात जी पाच तत्त्वे सांगितली, त्यांत हेही आहे की पुराव्याची साखळी आरोपीच्या निर्दोषतेशी जुळणाऱ्या कोणत्याही वाजवी निष्कर्षाला जागा ठेवणारी नसावी. म्हणजे सरकार पक्षाची हकिगत जुळते एवढ्याने भागत नाही. तिच्या तोडीची दुसरी वाजवी हकिगत उभी राहू शकत नाही, हेही दिसावे लागते.

नियमांच्या बाबतीतही धोका हाच. आणीबाणीतला एडीएम जबलपूर निवाडा, २८ एप्रिल १९७६ चा, एकदा न रागावता वाचून पाहा. चार न्यायाधीशांच्या बहुमताचा तर्क आतून घट्ट आहे: जीविताच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काचे घर एकविसावे कलम, त्या कलमाच्या अंमलबजावणीसाठी न्यायालयात जाण्याचा हक्क राष्ट्रपतींच्या आदेशाने स्थगित, म्हणून स्थानबद्धाची याचिका चालणार नाही. पायरीमागून पायरी बरोबर. न्यायमूर्ती एच. आर. खन्ना यांनी एकट्याने भिन्नमत दिले, ते या पायऱ्यांत एखादी चूक दाखवून नव्हे. एकविसावे कलम नसते तरी कायद्याच्या आधाराशिवाय कोणाचे जीवित किंवा स्वातंत्र्य हिरावण्याची सत्ता राज्याला नाही, कारण कायद्याचे राज्य याचा तोच अर्थ आहे, असे त्यांनी म्हटले. बहुमताने सुसंगती एका कलमाशी आणि एका आदेशाशी साधली; खन्नांनी ती ज्या पायावर ती कलमे उभी आहेत त्या पायाशी मागितली. २०१७ साली पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताचा तो निवाडा मोडीत काढला.

म्हणून कोणी 'हा निकाल सुसंगत आहे' असे म्हटले की माझा पहिला प्रश्न 'कशाशी?' हा असतो. सुसंगती हा संबंध आहे. त्याचे दुसरे टोक सांगितल्याशिवाय ते वाक्यच साकांक्ष राहते. पाया चुकीचा धरला असेल तर जितकी सुसंगती अधिक, तितकी चूक लांबवर पोचते.

जोसेफ राझ यांनी १९९२ साली याहून मुळावर घाव घातला. कायदा अनेक हातांनी, वेगवेगळ्या काळी, तडजोडी करत घडवलेला असतो. राजकारणाचे ते फलित आहे. मग तो सबंध एका तत्त्वाखाली बसेल अशी अपेक्षा का करावी, आणि बसत नसेल तर न्यायाधीशाने बळेच का बसवावा? मला त्यांचे म्हणणे अर्धे पटते. संपूर्ण कायद्याची सुसंगती ही कल्पना माझ्या कामात कधीच उपयोगी पडली नाही. कूळकायदा, तुकडेबंदी आणि उत्तराधिकार यांना एका सूत्रात ओवू पाहणारा वकील तारखाच वाढवत राहील. पण सहदायकीसारख्या एका विषयाच्या आत न्यायाधीश कारणांची संगती टाळू शकत नाही, कारण हरलेल्या पक्षाला 'तुझा हक्क का नाही' हे त्याच विषयातल्या इतर नियमांच्या भाषेत सांगावे लागते. राझही अशा मर्यादित, स्थानिक सुसंगतीला जागा ठेवतात. त्यांचा आक्षेप सार्वत्रिक दाव्याला आहे.

स्थानिक सुसंगतीची हद्द कोठे आखायची, हा प्रश्न मात्र उरतोच, आणि तो आमच्याच भागात उघडा पडलेला आहे. नंदुरबारकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी भिल्ल आणि पावरा कुटुंबांना हिंदू उत्तराधिकार कायदा लागू नाही. त्याच्या दुसऱ्या कलमाच्या दुसऱ्या पोटकलमाने केंद्राची अधिसूचना नसेल तर अनुसूचित जमातींना वगळले आहे. जन्माचे तत्त्व पुढे ताणले तर तिथल्या मुलीलाही तेच मिळायला हवे. पण वगळण्यामागेही कारण आहे: जमातीच्या रूढींत बाहेरून ढवळाढवळ नको, आणि हेच कारण अनुसूचित क्षेत्रांतल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या १९९६ च्या पेसा कायद्याला आणि घटनेतल्या इतर तरतुदींनाही आधार देते. दोन्ही समूह आपापल्या जागी सुसंगत आहेत, आणि त्यांतला कोणता सोडावा हे सुसंगती सांगू शकत नाही. कमला नेती खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये कायद्याच्या शब्दांपुढे जाऊन वाटा दिला नाही, पण ही सूट काढण्याचा विचार करावा असे केंद्राला सांगितले. २०२५ साली छत्तीसगडमधल्या एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात त्याच न्यायालयाने वेगळी वाट धरली: मुलींना वगळणारी रूढी सिद्ध झालेली नसेल, तर समतेच्या तत्त्वाने त्यांना वाटा नाकारता येणार नाही.

तळोदा किंवा अक्कलकुव्याकडची एखादी मुलगी उद्या माझ्याकडे असा दावा घेऊन आली, तर मी रूढी सिद्ध करण्याचा भार तिच्या भावांवर टाकीन आणि घटनेच्या चौदाव्या, समतेच्या कलमावर उभा राहीन. 'सुसंगती' हा शब्द त्या युक्तिवादात मी उच्चारणार नाही, कारण समोरचा वकील जाणता असेल तर तोही 'कशाशी?' असेच विचारील आणि त्याच्यापाशीही माझ्याइतकेच चांगले उत्तर असेल.